लाल गाडीचे डोळे

आमच्या गाडीला डोळे आहेत आणि ते ती स्वतःच्या मर्जीने उघडते.

झालं असं की, निवृत्तीनंतर मी एक जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. हिचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात. बटण दाबलं की टुणकन वर येतात. (निदान बनवणाऱ्याचा तसा विचार असावा.) जन्मभर रेल्वेच्या कचेरीत फायली सरकवलेल्या माणसाला एवढी हौस शोभते, असं माझं मत होतं. बायकोचं, म्हणजे शोभाचं, मत निराळं होतं, आणि घरात तेच चालतं.

हॉर्न वाजवला की गाडीचा डावा डोळा उघडे. ब्रेक दाबला की वायपर फिरे. उजवा डोळा कशालाच दाद देत नसे. एकदा पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत शेजारच्या दुबेकाकू समोरून आल्या. मी अदबीने हॉर्न वाजवला आणि गाडीने त्यांना डोळा मारला! तेव्हापासून त्या मला पाहिलं की पदर सावरतात.

मग मी स्वतःच बॉनेटमध्ये डोकं घातलं. ते बरेच दिवस तिथेच राहिलं.

"आजही तेच करून राहिले का तुम्ही?" शोभा विचारायची.

"वायर शोधून राहिलो."

"कोणती?"

"तेच तर शोधून राहिलो."

शेवटी गुढियारीहून एक इलेक्ट्रिशियन आणला. "भैया, अर्थिंग का चक्कर है," म्हणत त्याने दिवसभरात शेवयांसारख्या वायरी उपसल्या आणि परत कोंबल्या. तो गेल्यावर ब्रेक दाबला की डोळा उघडू लागला आणि हॉर्न वाजवला की वायपर फिरू लागला. म्हणजे रोग तोच, फक्त खोल्या बदलल्या होत्या. जाता जाता तो म्हणाला होता, "एक बार अच्छे से पूजा करा लो."

शोभाने तेवढंच ऐकलं. "दसऱ्याले पूजा करू," ती म्हणाली, "आणि मले याच गाडीत बसवून भनपुरीले वसंताकडे सोनं द्यायले न्या. नेलं तर ठेवा गाडी. नाही तर भंगारात द्या." वसंता म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्याचे ट्रक आहेत. मला खरोखर धास्ती बसली. बिघडलेली असली तरी आयुष्यात निव्वळ हौसेने घेतलेली ती एकच वस्तू होती.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं आणि दोन्ही डोळे एकदम वर आले! माझेच डोळे भरून आले. शोभा ताट घेऊन आली. "उघडेच ठेवा, कुंकू लावायचं आहे." तिने दोन्ही हेडलाइटना हळदकुंकू लावलं आणि एकेकाला झेंडूचा जाडजूड हार घातला. हर्षाच्या भरात, तिला करामत दाखवावी म्हणून मी बटण पुन्हा दाबलं.

डोळे हारांसकट मिटायला निघाले. आत घरघर झाली, जळक्या झेंडूचा वास सुटला आणि हॉर्न आपोआप वाजू लागला. थांबेच ना! सगळी गल्ली जमल्यावर मी बॅटरीची वायर उपटली. गाडी गप्प झाली. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा.

"आता?" शोभाने विचारलं.

"आता भंगार," म्हणून मी पायरीवर बसलो. फार थकल्यासारखं झालं होतं. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भावाला फोन लावला.

वसंता ट्रक घेऊन आला. "भाऊजी, दोरीनं टोचन करून नेऊ का?"

"टोचन नको, वर चढव," शोभा म्हणाली. "मी आत बसते. गाडीत बसून जायचं ठरलं होतं. गाडी कशावर उभी राहील, ते कुठं ठरलं होतं?"

गल्लीने ढकलत गाडी रस्त्यावर नेली आणि फळ्यांवरून ट्रकवर चढवली. शोभा नव्या साडीत आत बसली. दुसऱ्या सीटवर आपट्याची पानं आणि चिवड्याचा डबा होता, म्हणून मी मागे गाडीला धरून उभा राहिलो. पुढे देवीच्या विसर्जनाची मिरवणूक लागली आणि आमचा ट्रक ढोलांच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालू लागला. बाजूची माणसं हारातल्या गाडीला आणि आतल्या बाईंना हात जोडू लागली.

"कोन पारा के झाँकी आय भैया?" कोणत्या मोहल्ल्याचा देखावा, असं एकाने मला विचारलं.

"पुरानी बस्ती," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

शोभा आधी अवघडली. मग ताठ बसली. दोन चौक गेल्यावर तिने हात वर करून आशीर्वादही द्यायला सुरुवात केली. भनपुरीला उतरताना ती म्हणाली, "राहू द्या गाडी. बसायले चांगली आहे."

आता ओळखीचे लोक कौतुकाने विचारतात, स्पोर्ट्स कार म्हणजे पळत किती असेल? मी खरं ते सांगून टाकतो. मेहुण्याचा ट्रक पळेल तेवढी.