तात्या काचेत, घोंगडी बाहेर

मंडळी, आज वडिलांना, म्हणजे तात्यांना, शेळगावहून पुण्याला नेलं. नडगीवरची जखम भरत नाही. पाय कापावा लागू नये म्हणून तज्ज्ञ डॉक्टर त्यांना जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये झोपवणार होते.

तात्या घोंगडी सोडेनात. "हिच्याबिगर मला झोप न्हाय."

"लोकरीतून ठिणगी उडाली, तर आत सगळं पेटेल," डॉक्टर म्हणाले.

तात्या हसले. "व्हय, थंडीत अंधारात झटकली की चांदण्या उडत्यात." घोंगडी माझ्याकडे देऊन ते काचेच्या नळकांड्यात आडवे झाले.

आतून ते सारखे घोंगडीकडेच बघत होते. मी ती काचेसमोर धरली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

पाय वाचेलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्याकडे कुणाचा पाय असा वाचलाय का?