रोझीची हळहळ आणि माझी

मंडळी, आपल्या सोसायटीच्या ईमेल-गटावर कुणालने दुपारी लिहिले की मी रोझीला रागावून मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरायला लावला. हे वृत्त असत्य आहे. तो अर्ज तिने माझा सल्ला बाजूला सारून भरला.

रोझी तारोडी गावची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आपल्या अभ्यासिकेत येते. मला प्राध्यापक व्हायचे होते, ते राहून गेले. म्हणून आज सकाळी मी तिला प्राध्यापकीचे फायदे सविस्तर ऐकवले.

सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "आजोबा, ही हळहळ तुमची हाय. माझी येगळी हाय."

मग तिने सांगितले: कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणींनी वडील काय करतात ते विचारले, तेव्हा त्यांची मासेमारीची होडी आहे हे तिने लपवले होते. 'बाबांचा बिझनेस आहे,' एवढेच सांगितले होते. ते तिला आजवर बोचत होते.

"आता शिकेन ते होडीच्या कामाचंच," ती म्हणाली. "तुमी फक्त अर्ज तपासा. चूक न्हाय सापडली तर चहा तुमच्याकडून!"

मी दोनदा तपासला. चहा मला पाजावा लागला, आणि तो मी आनंदाने पाजला.

मंडळी, आपण मुलांना देतो तो खरोखर सल्ला असतो, की आपलीच राहून गेलेली इच्छा?

कुणालने आपल्या मजकुरात पुढील दुरुस्त्या कराव्यात:

अर्ज भरला: काल नव्हे, आज, शनिवारी.
अंतिम मुदत: बुधवार नव्हे, सोमवार.
रोझीचा निर्णय झाला: आज नव्हे, तिने होडी लपवली, त्याच दिवशी.
मला तो समजला: आज.