टाकीच्या उतारावरचं गवत

गवत कापायची मशीन बिघडली की आमच्याकडे सगळे ठोके मिस्त्रीलाच गाठायचे. मशीन समोर आली की तो पक्कडीने इंजिनावर दोन ठोके मारायचा आणि कान लावून ऐकायचा, म्हणून हे नाव. दुकान म्हणजे घराच्या जिन्याखालची खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली पाती आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. मिस्त्री स्वतः उकिडवाच बसायचा.

त्याच्याकडे सगळ्यात जास्त यायची ती पाण्याच्या टाकीवरची मशीन. टाकी टेकाडावर, भोवती तीव्र उतार आणि गवतात दडलेले दगड. दर पंधरवड्याला पातं मोडायचं. तिथला माळी मशीन ढकलत आणायचा आणि म्हणायचा, "घ्या, तुमची लेक आली माहेरी!"

या मशीनच्या दांडीला एक पट्टी असते. ती मुठीत दाबून धरली तरच पातं फिरतं, हात सुटला की थांबतं. एकदा माळी म्हणाला, "मिस्त्री, ही पट्टी दाबून दाबून बोटं वाकडी झाली. तारेने बांधून टाका की."

"नको रे. ती उगाच नाही ठेवलेली."

"तुम्हाला काय, तुम्ही सावलीत बसता. एकदा उतारावर चढून बघा."

मिस्त्रीला ते लागलं. त्याने तार घेतली, तीन वेढे दिले, पीळ घातला. दोन मिनिटांचं काम.

आठव्या दिवशी दवाने ओल्या गवतावर माळ्याचा पाय घसरला. दांडी सुटली, पण पातं थांबलं नाही. मशीन सरळ अंगावर आली. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

मशीन तपासायला टाकीच्या इंजिनीअर बाईंनी मिस्त्रीलाच बोलावलं. तार बघून त्या म्हणाल्या, "हा माळ्याचाच उद्योग दिसतोय."

मिस्त्री गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तो म्हणाला, "नाही बाई. हा पीळ माझ्या हातचा आहे."

"त्याने सांगितलं म्हणून?"

"सांगितलं त्याने. पण काय होईल ते मला कळत होतं."

बाईंनी टाकीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. मिस्त्रीने मान डोलावली, पण उठला नाही. "दुसऱ्याला काम दिलंत तरी उतार तोच, दगड तेच. इथे मशीन लावूच नका. माझ्या आक्काकडे अकरा मेंढ्या आहेत, महिनाभर सोडून बघा."

बाई हसल्या, पण महिनाभराची परवानगी दिली.

तिथून तो माळ्याच्या घरी गेला. माळी खाटेवर पडून होता. "जाऊ द्या मिस्त्री, बांधा म्हणून मीच मागे लागलो होतो."

त्याची बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "म्हणणाऱ्याने म्हटलं, बांधणाऱ्याने बांधलं. फुकट गेला तो एकाचाच पाय."

दुसऱ्या दिवसापासून जखमेची पट्टी बदलायला माळ्याला स्कूटरवरून दवाखान्यात नेणं मिस्त्रीने स्वतःकडे घेतलं. तीन महिने नेलं. बायको दार उघडायची, बोलायची नाही.

इकडे मेंढ्यांनी पहिल्याच आठवड्यात उतार गालिच्यासारखा केला, आणि फाटकाजवळचे बाईंचे गुलाबही फस्त केले. मिस्त्री तणतणत आक्काकडे गेला. आक्का म्हणाली, "मेंढीला गुलाब कळत नाही. तुला कळतो ना? मग कुंपण घाल." त्याने दोन दिवस खपून जाळी ठोकली. बाईंनी मेंढ्या कायमच्या ठेवल्या.

माळी कामावर परतला तेव्हा त्याला मशीन ढकलणं जमण्यासारखं नव्हतं. मेंढ्या त्याच्याकडे दिल्या. पहिल्या दिवशी त्या त्याला बघून पळाल्या, महिन्याभरात काठीचा आवाज ऐकून गोळा व्हायला लागल्या. पुढच्या वर्षी एका मेंढीला जुळं झालं आणि ती एकाला दूध पाजेना. माळ्याने ते कोकरू घरी नेलं. त्याच्या बायकोने बाटलीने दूध पाजून ते वाढवलं. ते आता तिच्याच मागे फिरतं, टेकाडावर जायचं नाव काढत नाही.