ताकदीच्या डब्याचा तपास

इतकी वर्षं झाली, तरी निरवांगीच्या तालमीतली ती घटना आठवली की एका जागी बसवत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूरला फौजदार होतो.

एका सकाळी एक शेतकरी ठाण्यात आला. तालमीतल्या पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. त्याचा मुलगा बारामतीच्या दवाखान्यात होता.

"साहेब, मटण न्हाय, अंडं न्हाय, निस्ती सोयाबीनची पावडर दुधातनं घ्यायचा. बाजारातनं डबा आणल्याला. पैलवान गडी, आता पानीबी पोटात ठरंना."

डॉक्टर म्हणाले, हे अपचन नव्हे, विषबाधा वाटते. डबा जप्त केला, पंचनामा केला, नमुना तपासणीला पाठवला. अहवाल लवकर येणार नव्हता. तोवर बाकीचे डबे कुणाकुणाच्या घरात उघडतील कुणास ठाऊक, म्हणून आधी विकणाऱ्याचा माग काढला.

विकणारा जळोचीचा निघाला. बारामती ठाण्याला कळवून त्याला ताब्यात घेतलं. तरणा, नीटनेटका, बोलायला गोड.

"सोयाबीन जडच असतंय साहेब. पोरांनी जादा घेतलं असंल."

डबे कुणाला विकले, ते आठवत नाही म्हणाला. खोटं बोलणारा सहसा घाई करतो. हा चहा फुंकून पीत होता.

तेवढ्यात घरझडती घेऊन हवालदार परतले. "साहेब, घरात एकच डबा हुता. तो ह्याच्या आईनं काल शेळगावला लेकीकडं धाडलाय. बाळंतीण हाय, ताकद यील म्हनून."

तो ताडकन उठला. "साहेब, आधी गाडी काढा! ते पेरणीचं बियाणं हाय, औषध लावल्यालं. तिला पिऊ देऊ नका!"

पेरणीनंतर उरलेलं बियाणं स्वस्तात घेऊन तो दळायचा आणि त्या विषारी औषधाचा लाल रंग झाकायला त्यात कोको मिसळायचा. जीप शेळगावात पोचेपर्यंत त्याला एकेक गिऱ्हाईक आठवत गेलं, आणि मी वायरलेसवर गावं कळवत गेलो.

बहिणीनं सकाळीच एक पेला घेतला होता. कळांनी ती वाकली होती. वेळेत दवाखान्यात नेली, वाचली. दिवस मावळायच्या आत बाकीचे डबे हाती आले. तो पैलवानही वाचला, पण त्याचं पोट कायमचं नाजूक झालं. कुस्ती सुटली.

आरोपीला शिक्षा झाली. कोर्टाबाहेर पैलवानाच्या वडलांनी मला विचारलं, "बहिणीचं कळलं तवा बोलला. माझं पोरगं पडलं हुतं तवा का न्हाय?"

माणसाला दुसऱ्याचं दुखणं कळतं. ते आपल्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत तो उठत नाही, एवढंच. पुढं प्रत्येक चौकशीत मी आरोपीला आधी विचारत असे, घरी कोण कोण आहे? त्या प्रश्नानं पुष्कळ गुन्हे उघडकीला आले. तो विचारावा लागतो, याची टोचणी मात्र गेली नाही.