तात्यांचा फॉर्म मी भरला

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगची बढाई मारण्यात माझा हात धरणारं अख्ख्या सबर्बात कोणी नाही. मी पाहुण्यांना सांगते, आमच्याकडे एखाद्याला शिंक आली तर तीन मजल्यांवरून आल्याचा चहा येतो, आणि चौथा मजला रुसून बसतो, आम्हाला का नाही कळवलं म्हणून! घंटागाडी आली की लोक घड्याळं लावतात. खरं म्हणजे घंटागाडी तिच्या मनाला येईल तेव्हा येते, आणि चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी टाकीच्या पाण्यावरून आमच्याशी बोलणं टाकलंय. पण परक्या माणसासमोर हे कोण बोलणार?

त्या दिवशी सकाळी अकराला दारात एक बाई आल्या. पालिकेसाठी पाहणी करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या. चाळिशीच्या, हातात टॅब, चपलेच्या पट्ट्याला सेफ्टीपिन. इथं राहून लोकांना कसं वाटतं, सोयी कशा, शेजार कसा, सगळं शून्य ते दहात सांगायचं. मी त्यांना बसवलं, पोहे दिले आणि सुटले. दवाखाना? दहा! डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत ताप पळतो. रस्ता? दहा! फुटपाथला मात्र म्हटलं, "नऊ लिहा हो, नाहीतर तुमच्या साहेबांना खोटं वाटेल."

बाई हसल्या. "ताई, बोरिवलीला मला लोकांनी दारातून हाकललं."

"ती बोरिवली. हे मुलुंड आहे!"

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण ती शेवटपर्यंत लपवण्यात काही गंमत नाही. मी हे बरळत होते तेव्हा समोरच्या बंद दाराआड तात्या जिन्याला लागूनच्या बाथरूममध्ये पडलेले होते. खुब्याचं हाड मोडून, पहाटेपासून.

तात्या मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून मुलाला शिकवला. मुलगा बंगलोरला, बायको गेलेली, घरात एकटे. मला "गो बाय" म्हणायचे आणि माझ्या थापा मान डोलावत ऐकून घ्यायचे.

बाईंना आमच्या मजल्यावरचे चार फॉर्म हवे होते. तीन झाले होते. आम्ही तात्यांची बेल वाजवली. आत टीव्ही ठणाणा चालू होता.

"बातम्या बघतायत," मी म्हटलं. "बॉम्ब पडला तरी उठायचे नाहीत."

"बरे असतील ना? एकटे असतात म्हणालात."

"एकटे? आमच्याकडे कोणी एकटं नसतं! त्यांची दुधाची पिशवी दाराला लटकत होती, ती सकाळीच नेऊन मी माझ्या फ्रीजमध्ये ठेवली. त्यांच्या घराची किल्ली माझ्या खिळ्याला आहे. आता बोला!"

"मग उघडून बघू या का?"

"नको हो. मध्येच टीव्ही बंद केला की चिडतात. त्यांचं मीच सांगते, लिहा."

आणि जिन्यात उभी राहून मी तात्यांचं आयुष्य सांगितलं. तब्येत? नऊ. शेजाऱ्यांवर विश्वास? दहा. तेवढ्यात ठक्, ठक् असा आवाज आला. वरच्या मजल्यावर महिनाभर टाइल्स फोडणं चालू होतं, तेव्हा आम्हाला काहीच वाटलं नाही. बाईंनी पुढचा प्रश्न वाचला, "एकटेपणा जाणवतो का?" पुन्हा ठक्.

"कधीच नाही लिहा," मी म्हटलं. "बघा, आतून होकार पण आला!"

दोघी खो खो हसलो.

पाचला मी दूध द्यायला गेले. बेल, पुन्हा बेल. टीव्ही तसाच बोंबलत होता. मग किल्ली लावली. तात्या फरशीवर पालथे पडले होते आणि हातात पितळेचा तांब्या होता, काठ चेपलेला.

"पाणी दी," एवढंच म्हणाले.

अँब्युलन्स खणलेल्या रस्त्यापाशी अडली. तात्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं, आणि खुर्चीचे पुढचे पाय धरले होते चौथ्या मजल्यावरच्या त्याच गृहस्थांनी. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, इतके तास पाण्याविना पडून राहिल्यानं किडनीवर आलंय, ऑपरेशन एवढ्यात जमणार नाही. त्यांच्या आवाजावरून मला काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी तात्यांना जरा शुद्ध होती.

"गो बाय, मिया सगळा आयकलंय."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

"माका धा कित्याक दिलंस?"

"तात्या, चुकलं माझं."

"ता बदलून घे. माका एकटा एकटा वाटता, असा लिव. खरा काय ता लिव."

मी त्याच दुपारी रिक्षानं त्या संस्थेचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीनवर फॉर्म काढला. "छान आहे की मॅडम. यात काय बदलायचंय?"

"खोटा आहे. मी भरलाय."

"मग ज्यांचा आहे त्यांना घेऊन या."

"ते उठू शकत नाहीत हो!"

"पण इथं तब्येत नऊ आहे," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. बिचारा समोर दिसत होतं ते वाचत होता. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, सगळं केलं. यादी पालिकेकडे गेलीय, आता फॉर्म उघडत नाही, एवढंच उत्तर.

संध्याकाळी तात्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले. अख्खं ऑफिस कसं उभं राहिलं, मोठ्या साहेबानं स्वतः माझी माफी कशी मागितली, तात्यांचं नाव काढून तीन वेळा वाचून दाखवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं खरं लिहिलं.

"एकटा लिवलंनी?"

"लिहिलं तात्या. ठळक अक्षरात."

त्यांनी मान डोलावली, माझ्या थापांना डोलवायचे तशीच. मग डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. मुलगा बंगलोरहून आला. सगळ्या बिल्डिंगसमोर माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्यासारखा शेजार होता म्हणून बाबांची मला काळजी नव्हती."

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ तिथंच उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.