मोटारस्टँडवर पटकथेचा वर्ग

मी जन्माचा भित्रा. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत पटकथा लिहिणाऱ्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली, तीही भीत भीतच. तिथलं काम थंडावलं तसा यवतमाळला घरी परत आलो. ही साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी तेव्हा मुलांना पटकथा शिकवायचं मनावर घेतलं होतं. सिनेमे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण पटकथेचा कागद कधी पाहिला नव्हता. म्हणून मी सरांना शिकवायचं आणि सरांनी मुलांना, असं ठरलं.

सर मुळात कवितेचे. पहिल्याच पाठाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तिच्या मनात कालवाकालव झाली.' मी मागच्या बाकावरून हळूच म्हणालो, "सर, कॅमेऱ्याला मन दिसत नाही. तिनं हातांचं काय केलं, ते लिहा."

"काय केलं असेल?" सरांनी मलाच विचारलं. मला तरी कुठे ठाऊक? स्टुडिओत असं अडलं की आम्ही तो प्रसंग जिथला तिथे जाऊन करून बघायचो, हे मी सांगून बसलो. सरांनी ते तिथल्या तिथे उचललं. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

प्रसंग वर्गानं मिळून रचला होता. दिवाळीला माहेरी आलेली मुलगी, आणि तिला सासरी पोचवायला निघालेला भाऊ. मोटारीत चढण्याआधी ती थबकते. बस, एवढंच. तिच्या तोंडी एक शब्द नव्हता, कारण न बोलता सांगायचं हाच त्या दिवशीचा पाठ होता.

वर्गात मुलगी एकच. बाभुळगावच्या एका कारकुनाची लेक, यवतमाळला मामाकडे राहून शिकणारी. वडिलांनी एका अटीवर पाठवली होती. गावात तिचं नाव निघालं की कॉलेज बंद. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मलाही. तरी सरांनी विचारताच ती उठून उभी राहिली, आणि मी गप्प बसलो.

भर दुपारी मोटारस्टँडवर गेलो. सर आणि मी कागद घेऊन पानठेल्याशी उभे राहिलो. भाऊ झालेल्या पोरानं पिशवी उचलली, तिचं मनगट धरलं आणि एस्टीकडे निघाला. दाराशी ती थबकली. सर भराभर लिहू लागले. तेवढ्यात ती ओरडली, "मले नाही जायचं. सोड मले. मले नाही जायचं."

मला वाटलं, पोरगी पाठ विसरली. हमाल धावले. एक म्हातारी दोघांच्या मध्ये शिरली. "काहून ओढून राह्यला बे पोरीले?" म्हणत कुणीतरी त्या पोराच्या थोबाडीत दिली. सर खांबासारखे उभे. त्या पोराला जिवंत सोडतील की नाही या धास्तीनं मी घुसलो आणि म्हणालो, "खरं नाही हे, सिनेमाचं आहे."

तो शब्द काढायला नको होता. पोरगी पळवणं एक वेळ परवडलं, सिनेमा त्याहून वाईट. बाभुळगावच्या गाडीचा कंडक्टर तिला निरखून पाहत होता. "इच्या बापाले ओळखतो मी," तो म्हणाला, घंटी मारली आणि गाडी घेऊन गेला. माझी पाचावर धारण बसली. बातमी आमच्या आधी तिच्या घरी पोचणार होती.

तिला मामाकडे पोचवून सर आणि मी मागच्या गाडीनं बाभुळगावला निघालो. सरांना नोकरीची धास्ती असेल. मला त्या घराची भीती वाटत होती. माझ्या एका सल्ल्यानं पोरीचं शिक्षण संपलं, हे आता तिच्या बापाच्या तोंडून ऐकायचं होतं. दर थांब्यावर वाटे, उतरावं आणि उलट चालू लागावं.

वडील ओसरीवर बसले होते, अंगात अजून कचेरीचा कोट. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, त्यानं मी जास्तच घाबरलो. सर हात जोडून पाठ, प्रसंग, कॅमेरा, धावलेले लोक असं काहीबाही सांगत सुटले. वडिलांनी मध्येच विचारलं, "पोरगी काय म्हणली तिथं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "मले नाही जायचं, असं म्हणाली."

"तुमीच लिहून देल्लं होतं काय तसं?"

हो म्हणावं, म्हणजे पोरगी सुटेल, असं माझ्या मनात आलं. भित्र्या माणसाला पळवाट लवकर दिसते. पण सर बोलून गेले, "नाही. तिला काहीच बोलायचं नव्हतं."

वडील पुढ्यातला पाण्याचा तांब्या फिरवत राहिले. आता हा माणूस उठेल आणि काय करील, याचीच मी वाट पाहत होतो. ते उठले नाहीत.

"लगन ठरवलं तिचं," ते म्हणाले. "दिवाळीत घरी आली तवापासून हेच म्हणून राह्यली. आमी म्हणलं, नाटकं करते."

मग त्यांनी विचारलं,

"लोकं धावले म्हणता?"

"धावले," मी म्हणालो. "हमाल धावले. एक म्हातारी होती."

"ओळखीपाळखीचं कोनी?"

"कुणी नाही."

त्यांनी मान हलवली. "परीक्षा होईस्तोवर लगनाचं बोलत नाही मी," ते म्हणाले, आणि मग आत स्वयंपाकघराकडे पाहत, आम्हाला नव्हे, बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, "परके लोकं धावले वं तिच्यासाठी. आपन घरात दोघंबी होतो."