नणंदेचा नवस
मुलांनो, माझी धाकटी नात रोज दोनदा मशीनवर पळते आणि जेवणाचं ताट तसंच ठेवते, याचं तुम्ही फोनवर कौतुक करता, म्हणून हे लिहिते आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझी नणंद येरमाळ्याला सकाळ-संध्याकाळ देवीचा डोंगर चढायची आणि दिवसभर वाटीभर ताकावर राहायची. अंगानं भरलेली आहे म्हणून बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिला नाकारलं होतं. सासूबाईंनी मात्र पोरीनं पावसासाठी नवस केलाय असं गावभर सांगितलं. सोसायटीच्या चेअरमनची बायको नारळ घेऊन तिच्या पाया पडून गेली. मी इंग्रजी शिकलेली सून, सगळं कळत असूनही आल्यागेल्याला हळदकुंकू लावत राहिले. एका दुपारी नणंद पायऱ्यांवर कोसळली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईनं तिला मांडीवर घेतलं, आपल्या वाट्याची सरकारी सुकडी भरवली आणि आम्हाला म्हणाली, “आमी पोटासाठी दगडं फोडताव, अन् ही पोट मारायला डोंगर चढती. अन् तुमी तिच्या पाया पडता व्हय?” देवीनं परीक्षा पाहिली म्हणून सासूबाईंनी पेढे वाटले. नणंद आज सत्तरीत आहे. पंगतीत बसली की अजूनही घास मोजून खाते.